पहिल्या हाकेला ओ

शेलू गावातल्या फ्लॅटमध्ये राहणारा नवीन हा साऱ्या इंटरनेटला उकिरडा म्हणायचा. त्याला नुसत्या अक्षरांचं, हलकं, वेगळं नेट आवडे. तिथली पानं साध्या ब्राउझरवर आणून देणारा मध्यस्थ सर्व्हर तो घरीच बनवत होता.

"कोण हाय ते बघितल्याबिगर पहिल्या हाकेला ओ देऊ नये रं," पोशीर गावाहून आलेली आई म्हणाली. "माणूस असला तर परत हाक मारतो."

"आये, ही मशीन हाय, भुताटकी नाय!" तो फिस्कारला. विचारणारा कोण, हे तपासणारा सर्व्हरचा भाग त्याने मुद्दाम काढूनच टाकला.

दुपारी सर्व्हर चालू होताच एका पानाची मागणी आली. विचारणाऱ्याचा पत्ता कोरा, पानाचं नाव 'नवीन'. सर्व्हरने लगेच उत्तर दिलं.

"असेल कुणी रिकामटेकडा," नवीन कुत्सित हसला.

"नवीन!" स्वयंपाकघरातून आईची हाक आली. लहानपणच्या सवयीने तो पहिल्या हाकेला गप्पच राहिला.

"ओ, आलो गं आये," त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.

"बस, भाकर गरम हाय." स्वयंपाकघरात खुर्ची सरकली.

"आये!" नवीन ओरडला.

"कोण रं ते?"

"पहिलीच हाक हाय," तोच आवाज कुत्सित हसला. "ओ देऊ नको."

दुसऱ्या हाकेसाठी नवीनने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही; तो आता स्वयंपाकघरात होता.