बेटावरची गादी

गादीवरचा डाग खळबाईंनी दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि मोबाईल टेबलावर पालथा घातला.

"घामाचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि एका माणसाचा नाही. दहा-पंधरा जणांचा, थरावर थर."

एक्सरेवालीचा घास तोंडातच राहिला. बुटकीने डब्याचं झाकण लावलं.

डागांच्या बाबतीत खळबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. हॉस्पिटलच्या कपडे विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. चादर हातात आली की रक्त कुठलं, औषध कुठलं, सांडलेला चहा कुठला, हे त्या वाकून न बघता सांगत. त्यांचे स्वतःचे कपडे कायम खळ घालून ताठ केलेले, म्हणून हे नाव. आधी पाठीमागे चालायचं, मग तोंडावरही रुळलं. बुटकी औषधांच्या खिडकीवर बसायची, एक्सरेवाली तळमजल्यावर. दुपारचा डबा तिघी कपडे विभागातच खात, कारण बाकी हॉस्पिटलात कुठेही खळबाईंच्या घशाखाली घास उतरत नसे.

तिघींनी मिळून एखाद्या बेटावर जायचं, असं पाच वर्षं चाललं होतं. निळा समुद्र, नारळाची झाडं, होडीतून जायचं, तिघींत मिळून एक खोली. पगाराला झेपेल असं बेट बुटकीने केव्हाच शोधून काढलं होतं. तिथं स्वस्तातलं लॉज मात्र एकच, आणि गाडं तिथेच अडायचं. दरवर्षी लॉजवाला म्हणे की यंदा सुधारणा केलीय, बुटकी त्याच्याकडून फोटो मागवी, आणि ते पाहून खळबाईंच्या पोटात ढवळून येई. पहिल्या वर्षी उशीवर कुणाचे तरी केस होते. मग न्हाणीघरातली हिरवी बुरशी, जाळीत अडकलेला कसलासा चिकट गोळा. एकदा तर बादलीत मेलेली पाल, पोट वर करून.

"माणसं झोपतात तरी कशी अशा ठिकाणी?" खळबाईंनी विचारलं.

"दमलेली असतात हो," बुटकी म्हणाली. "पडलं की झोप लागते."

खळबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बुटकी जेवण झालं की बोटं चाटायची, एकेक, मुळापासून. एक्सरेवालीची तर खाली पडलेला चमचा नुसता फुंकून घ्यायची सवय. आपण नसतो तर या दोघी कुठल्याही गादीवर अंग टाकून मोकळ्या झाल्या असत्या, अशी खळबाईंची खात्री होती. त्यांनी ते बोलूनही दाखवलं. माझ्यामुळे वाचता तुम्ही, म्हणाल्या.

"ते खरंच," एक्सरेवाली म्हणाली. "राहिलं मग. पुढच्या वर्षी बघू."

असं रहित झालं की मांडलेली रजा वाया नको म्हणून बुटकी बहिणीकडे जाई, आणि एक्सरेवाली सासूच्या गुडघ्यांचं बघायला गावी. परतताना दोघी उन्हाने रापलेल्या, नाकाची सालं निघालेली. तिकडचं पाणी कसलं, तिकडचे संडास कसले, या विचाराने पुढचे चार दिवस खळबाई त्यांच्या डब्यातलं काही घेत नसत.

त्या शनिवारी नेहमीप्रमाणे खळबाईंनी घरच्या पलंगावरची चादर काढली. दोन्ही उशांचे अभ्रे काढले. दुसरी उशी यजमानांची. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी तो अभ्रा दर आठवड्याला धुतला जात होता. सवयीने त्यांनी तो नाकाशी नेला. साबणाचा वास. आणखी काही नाही. त्यांनी स्वतःचा अभ्रा हुंगून पाहिला. तोच साबण.

त्या तशाच काठावर बसून राहिल्या. चकचकीत फरशी, चकचकीत नळ, माणसाचा मागमूस नसलेला पलंग. पोटात तसंच ढवळून आलं, लॉजचे फोटो बघताना यायचं तसं. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. मग दुपारचा डबा समोर घेऊन कोण बसणार होतं? बोटं चाटणारी का होईना, दोन माणसं होती.

दुपारभर त्यांनी सामान काढलं. गादीवर घालायला प्लास्टिक, फिनेलची बाटली, हातमोजे. तीन चादरी, तीन अभ्रे. एक्सरेवालीला फुलांची नक्षी आवडते म्हणून तिची फुलांची. बुटकीला थंडी वाजते म्हणून तिची जाड. त्या गादीवर पहिल्यांदा पाठ टेकताना ओकारी येणार, हे त्यांना ठाऊक होतं. आली तर आली, असं त्यांनी ठरवलं. आणि आधी खोली पक्की करायची, मग दोघींना सांगायचं. दोघींची तोंडं कशी होतील याचं त्यांना एकटीलाच हसू आलं.

सोमवारी दोघी डबे घेऊन यायच्या आत त्यांनी विभागाचा फोन उचलला. लॉजचा नंबर फोटोच्या खाली होता, तो त्यांनी उतरवून ठेवला होता. पलीकडे वाजायला लागलं. कुणीतरी फोन घेतला.

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय," खळबाई म्हणाल्या. "आम्हा मैत्रिणींच्या खोलीसाठी..."

"हॉस्पिटलचा नंबर बघूनच ओळखलं ताई," लॉजवाला मोकळेपणी म्हणाला. "तुम्हा दोघींची समुद्राकडची खोली ठेवलीय, दरवर्षीचीच. चादरीसुद्धा नव्या घेतल्यात. आणि त्या तिसऱ्या बाईंचं काय झालं, भागलं का फोटोंवर? यंदा अडगळीतली गादी मुद्दाम उलटी टाकून काढलेत. की याहून घाणेरडे पाठवू?"