उलटा दगड

राजानं वर्तमानपत्रं बंद केली, तेव्हा छापखान्यातला प्रोस्पेर पॅरिसच्या रस्त्यावर उतरला. लोकांनी फरशीचे दगड उपटून गल्लीच्या तोंडाशी भिंत रचली. राजा पळाला, पण त्या भिंतीमागेच प्रोस्पेर गोळी लागून मेला.

आता फरसबंदीवाला ओनेझीम तीच गल्ली नीट करत होता. प्रोस्पेरची बायको झेली कडेला उभी होती.

"काय हो ओनेझीमभाऊ, एवढं रामायण झालं आणि परत तेच दगड?"

"नवे कशाला, वहिनी? दगड झिजला की आम्ही तो उलटा करून बसवतो. खालची बाजू वर आली की नव्यासारखा दिसतो."

त्यानं पुढचा दगड उचलला. त्यावर रक्त वाळलं होतं. तिच्याकडे न बघता त्यानं तो उलटा केला आणि ठोकून बसवला.

तेवढ्यात कोपऱ्यावर दवंडी झाली. नवा राजा ठरला होता, पळालेल्याच्याच भाऊबंदांतला. लोक टोप्या उडवू लागले.

ओनेझीमही हातोडा टाकून उठला. "वहिनी, ऐकलंत? राजा बदलला!"

"बदलला कुठे?" झेली म्हणाली. "उलटा करून बसवलाय."