मिसनी सांगितलेला कागद

"मिस, पाईपातून आजवर सगळ्यात भयंकर काय लागलं तुमच्या हाताला?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून बतूलने विचारलं. बारावीचं गुणपत्रक घ्यायला सगळ्या जॉर्डनमधल्या इर्बिदच्या शाळेत जमल्या होत्या आणि नाहिदा मिस बायकांच्या प्लंबिंग वर्गाची माहिती द्यायला आल्या होत्या. साप निघाला म्हणतील, अशी पोरींची खात्री होती.

"कागद," मिस म्हणाल्या. "आपल्याकडे संडासात कागदाचा कपटासुद्धा कुणी टाकत नाही, डब्यातच टाकतात. पण नुकतीच बारावी झालेली पोर असते ना, त्या घरात निघतो कधीकधी. डब्यात टाकला तर पोरीला सापडेल ना."



अम्मानच्या तंत्रशाळेत रविवारी हजर व्हायचं होतं; फोटो लावलेली प्रवेशपत्रं सगळ्यांना आली होती, एकट्या बतूलला नाही. "नशिबात नसेल, पोरी," बाबा म्हणाले होते. आणि घरचा संडास गुरुवारपासून तुंबला होता. "मी माणूस आणतो, तू हात लावू नकोस," हे मात्र त्यांनी तीनदा बजावलं होतं.

घरी आल्यावर बतूलने कपड्यांच्या हँगरची तार सरळ केली आणि आतून कडी लावली. चौथ्या खेपेला तारेला फोटोचा तुकडा लागून आला. त्यातून तिचाच एक डोळा तिच्याकडे बघत होता.

ती हात धुऊन आई-बाबांसोबत जेवायला बसली.



"बाबा, आता माणूस नको. संडास मी मोकळा केलाय. आणि यम्मा, माझी बॅग काढून ठेव, रविवारी मी अम्मानला चाललेय."