वेड्या पाण्यातलं बोईट

पंढरीनं बोईट शेपटीकडून पकडीत धरलं आणि तोंड फिरवून कढईत सोडलं. पकड बॉयलरवरची होती, गळ्यात तुळशीची माळ होती, आणि तेलाच्या किटलीला टेकवलेल्या मोबाईलमध्ये इटलीतला एक जाडा माणूस हसत होता.

ही शेगडी तीस वर्षं मागच्या गॅलरीत होती. बायको सुगंधा समुद्राकाठच्या चिंचणीची, मासळीशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नसे. पंढरी माळकरी, मासळीशी त्याचा संबंध वासापुरता. शेगडी वेगळी, भांडी वेगळी, भांडण नाही. गेल्या तीन दिवसांत मात्र पंढरीच्या हातून या शेगडीवर इटलीचे तीन पदार्थ होऊन गेले होते. शिंपल्या घातलेल्या शेवया, भरलेली माकुळं, लिंबातली कोळंबी. तिन्ही खालच्या मांजरीला आवडले.

इटलीबद्दल त्याचं स्वतःचं असं काही मत नव्हतं. कॅन्सरच्या औषधांनी सुगंधाला मसाल्याचा वास सोसेना. फोडणी पडली की ती पलंगाखालचं घमेलं ओढी. मिरची नाही, हळद नाही, मसाला नाही अशी मासळी कुठं करतात, असं त्यानं मोबाईलला विचारलं. मोबाईलनं इटली सांगितली. सोमवारी दवाखान्यात वजन व्हायचं होतं. पस्तीस किलोच्या खाली गेलं तर पुढची सलाईन लावणार नव्हते. आज शनिवार होता, आणि सकाळी पलंगाजवळचा वजनकाटा पस्तीसवर थरथरत होता.

चौथ्या पदार्थाचं नाव वेड्या पाण्यातला मासा. टोमॅटो, लसूण, थोडं तेल आणि पाणी. मासा कुठला, ते शकूनं ठरवलं. शकू बोईसरच्या बाजारात मासळी विकते, सुगंधाच्याच गावची. तिनं मोबाईल लांब धरून फोटो बघितला. तोंडावरनं तर आपलं बोईटच वाटतंय भावोजी, म्हणाली. बोईट साफ करता करता तिनं हळूच विचारलं, ती खाते का काय. उत्तरादाखल पंढरीनं विचारलं, हे किती मिनिटं शिजवायचं.

अडलं ते पाण्यापाशी. इटालियन म्हणाला होता, पाणी समुद्राइतकं खारट हवं. दुसऱ्या कुणी मूठभर मीठ टाकून चाखलं असतं. पण भांडं मासळीचं, चाखणार कोण? शिवाय पंढरीनं एकोणतीस वर्षं एमआयडीसीत बॉयलर सांभाळलेला. पाण्याच्या बाबतीत अंदाज हा शब्द त्याला शिवीसारखा वाटे. तो पाच लिटरचा कॅन घेऊन रिक्षानं चिंचणीला गेला आणि समुद्र घेऊन आला.

"चाचा, ये पानी किसलिए?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"सब्जी में."

बोईसर येईपर्यंत रिक्षावाला आरशातून कॅनकडं बघत राहिला.

पाणी चार पदरी फडक्यातून गाळलं होतं, वीस मिनिटं उकळलं होतं. आता त्यात बोईट शिजलं. पंढरीनं वाटी भरून आत नेली आणि पायानंच घमेलं पलंगाजवळ सरकवून ठेवलं. सुगंधानं डोक्याचा रुमाल सारखा केला. वाटीकडं बघितलंही नाही. पण तो समोर उभाच राहिला, म्हणून तिनं चमचाभर रस्सा तोंडात घेतला. घेतला आणि तसाच ठेवला. पंढरी घमेल्याकडं वाकला.

तिच्या कपाळाला आठी पडली.

"खारट हाय," ती म्हणाली.

पंढरी वाकलेलाच राहिला. गेले अकरा दिवस तिला साखर आणि साबण एकाच चवीचे लागत होते.

"काय म्हणालीस?"

"खारट. दर्या उचलून आणलात का काय?"

"नसेल खारट," तो म्हणाला. "नीट बघ."

तिनं पुन्हा चमचा बुडवला. या वेळी त्यात माशाचा तुकडा आला. हायच, म्हणाली. औषधांनी जिभेला तसं लागत असेल, असं पंढरीनं सुचवलं. तिनं तिसरा घास घेतला, चौथा घेतला आणि चिंचणीच्या बाईला मासळीची चव शिकवणारे तुमी कोण, असं विचारलं. आवाज बारीक होता, पण त्यात धार होती. पंढरी म्हणाला, मी आपलं मोबाईलमध्ये सांगितल्याप्रमाणं केलंय.

तशी तिनं चमचा वाटीत टाकला आणि वाटी दूर सारली.

"तुमी खाऊन बघा. नाय तर बोलू नका."

हे म्हटलं की वाद मिटणार, तिला ठाऊक होतं. तीस वर्षं मिटतच आला होता. ती भिंतीकडं वळायला लागली.

वाटीत अजून अर्धं बोईट होतं. पंढरीनं वाटीकडं बघितलं, मग वजनकाट्याकडं. गळ्यातली माळ काढून त्यानं कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. चमचा भरला आणि तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घास त्यानं सावकाश गिळला.

"अळणी आहे," तो म्हणाला.

सुगंधानं त्याच्या हातातून चमचा हिसकावून घेतला.