ढोली

करवत ओंडक्यात वीतभर शिरली आणि भुशाबरोबर पिसं उडाली. गुंडूनं झटकन मशीन बंद केलं.

ओंडक्यात ढोली होती. तिचं तोंड चिखलानं लिंपलेलं, मधे बोटभर फट. आत सुकून कोळ झालेली धनेशाची मादी फटीकडे चोच करून बसली होती. पोटाखाली दोन पिल्लं. कोकणातल्या सुताराला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. अंडी घालायची वेळ आली की मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. झाड पाडलं तेव्हा ती आत होती. आतच राहिली.

सालीवर पत्र्याचा बिल्ला ठोकलेला होता. त्यावर हत्तीचं चित्र आणि इंग्रजी अक्षरं. सुपरवायझर ताहिरनं वाचून दाखवलं, "अफ्रीका का माल है, एकदम नीचे साइड का. रिझर्व फॉरेस्ट, काटना मना है." मग त्यानं घड्याळ बघितलं. "यल्ला गुंडू, बुसैतीनवाले कस्टमर का दरवाजा आज देना है."

"मैं नहीं काटेगा."

"सुबह ग्रुप में इसी लकड़ी का फोटो भेजा था. तूने अंगूठा दिया."

"काम में कौन देखता है, भाई? मेसेज आया, अंगूठा दिया, खलास!"

गुंडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. राखीव जंगल म्हणे! राखणारे काय झोपा काढत होते? कुणीतरी हो म्हटल्याशिवाय एवढं झाड समुद्र ओलांडून इथं आखातात, सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये येतं होय? हो म्हणताना हात झडला नाही मेल्याचा!

"वीज़ा कैन्सल होगा तेरा," ताहिर म्हणाला.

"होने दो! जंगल कैसे सँभालते हैं, हमारे गाँव में आके देखो."

गुंडूच्या गावची देवराई म्हणजे देवाचं रान. आत चपला घालून जायचं नाही. चुलीसाठी पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. झाडाला हात लावायचा तर पाचही मानकऱ्यांच्या घरांनी हो म्हणायला हवं. एकानं नाही म्हटलं की विषय संपला. त्या पाचांत एक घर गुंडूचं. तिथल्या जुन्या बेहड्यावर दर वर्षी धनेश यायचा, आणि लहानपणी वडील त्याला खांद्यावर बसवून ती लिंपलेली ढोली लांबूनच दाखवायचे.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ताहिरसमोर धरला.

"संदेश, फोन घेवन देवराईत जा. बेहड्यावरची ढोली दाखव. रान कसा राखतत ता ह्या ताहिरभायक कळांदे."

संदेशनं नजर दुसरीकडे वळवली.

"अरे, आयकतंस मा?"

"दादा, राय खय रवली आता? रस्त्यासाठी तोडली. म्हयनो झालो."

"कोणी हो म्हटल्यान?" गुंडू एवढ्यानं ओरडला की सगळं वर्कशॉप वळून बघायला लागलं. "मानकरी मेले काय सगळे?"

"मानकऱ्यांच्या ग्रुपार मेसेज टाकलेलो," संदेश खाली मान घालून म्हणाला. "चार घरांनी अंगठो दिल्यानी. पाचवो तुझो होतो, दादा."