वादळाच्या दिवशीची नोंद

नऊ वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती नवऱ्याचं जंगलातलं संशोधन केंद्र बघायला आली होती, तेही पर्यटकांच्या घोळक्यातून. ढोलीत स्वतःला कोंडून घेतलेली धनेशाची मादी दाखवताना त्याचा आवाज मऊ झाला. “ही आमची राणी. अंडी उबवते तोवर नर हिला फळं भरवतो.” “नवरा असावा तर असा,” कुणीतरी म्हणालं. बायकोला लाडाचं नाव कधी मिळालं नव्हतं. पाखराशी कसली बरोबरी, पण तिचा जळफळाट थांबेना. केंद्रात परतल्यावर तिने निरीक्षणाची वही उघडून मुलीच्या जन्माची तारीख शोधली. त्या दिवशी वादळात झाड पडून रस्ता अडल्याचं सांगून तो दवाखान्यात आला नव्हता. त्याच्याच अक्षरात होतं: ‘आकाश निरभ्र. दिवसभर राणीपाशी.’ “कशी वाटली राणी?” त्याने विचारलं. तिने वही मिटली. “नशीबवान आहे. तिच्या नवऱ्याच्या वाटेत झाडं पडत नाहीत.”