गोणपाटाची बाही

सीझरने आज बाही धरली तर तो मिलच्या फाटकावर पहाऱ्याला जाणार होता आणि त्याची साखळी धरून धर्मा. नाही धरली तर दोघांनाही रजा. रघुवीरमास्तरांनी सकाळी आल्या आल्याच हे सांगून टाकलं.

मास्तर पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. शिवडीच्या एका गोदामामागच्या मोकळ्या जागेत ते पहाऱ्याची कुत्री तयार करत. धर्मा लालबागच्या मिलमध्ये साच्यांवर कापड विणणारा माणूस. संपाला सव्वा वर्ष झालं, बायको गावी गेली, तेव्हा तो इथे कुत्र्यांची भांडी घासायला लागला. महिन्याभरापूर्वी मास्तरांनी सीझरची साखळी त्याच्या हातात दिली.

सीझरला आधीच्या माणसाने काठीने शिकवलं होतं. समोरच्याचा हात वर गेला की हा पोट जमिनीला टेकवून पडून राही. मास्तर म्हणाले, "आधी याला काहीतरी हवंसं वाटू दे. शिकवायचं मग बघू."

धर्माने गोणपाट पिळून हातभर दोर केला. दोर तोंडासमोर नाचवायचा नाही, जमिनीवरून घुशीसारखा पळवायचा. कुत्र्याने धरला तर थोडी ओढाताण करायची आणि आपण हरायचं. 'सोड' म्हटल्यावर त्याने सोडला की लगेच परत द्यायचा, म्हणजे सोडण्यात तोटा नाही हे त्याला कळतं. आणि खेळ ऐन रंगात आला की दोर खिशात. अकरा दिवस सीझरने दोराकडे ढुंकून पाहिलं नाही. बाराव्या दिवशी त्याने हळूच एक पंजा टाकला. त्या दिवशी धर्मा चाळीत शिरला तो हसतच. शेजारच्या चंपाकाकीने जिन्यातच विचारलं, "संप मिटलो काय रे?"

आता दोराच्या जागी बाही होती. मास्तरांनी त्याच गोणपाटाची, आत कापूस ठासून, शिवलेली. ती हातात चढवून एक माणूस पळणार आणि सीझरने ती धरायची.

"त्याला माणसाला चावायचं नसतं. त्याला खेळणं हवं असतं," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "पण फाटकाबाहेरच्या माणसाला ते कुठे कळतंय?"

फाटकाबाहेर कोण असणार हे धर्माला माहीत होतं. त्याच्यासारखेच संपावरचे कामगार. महिनाभर त्याने त्याचा विचार केला नव्हता.

मिलचे एक साहेब सावलीत खुर्ची टाकून बसले होते. बाही घालणारा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून मास्तरांनी नाक्यावरून एक जण उचलून आणला होता. तो गोदामाच्या कोपऱ्यावरून बाहीचे पट्टे आवळत पुढे आला, आणि धर्माने लवूला ओळखलं.

दोघांचे साचे शेजारीशेजारी होते. साचेखात्यात कानठळ्या बसत, म्हणून सोळा वर्षं दोघं एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच वाचत आले होते. लवूने साहेबांकडे पाहिलं, धर्माकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही. फक्त त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण धर्माला कळलं.

"सोड त्याला."

लवू पळाला. धर्माने साखळी काढली. सीझर जागचा हलला नाही. तो जाऊच नये, असं धर्माला क्षणभर वाटलं. त्याच क्षणी त्याला खोलीतली थंड चूल आठवली, आणि त्याने स्वतःच जीभ टाळूला लावून तो आवाज काढला, जो तो दोर पळवताना काढत असे.

सीझर सुटला. दहा पावलांत त्याने लवूला गाठलं आणि बाहीला लटकला. लवू तोंडघशी पडला. सीझर त्याला खडीवरून ओढत राहिला. त्याची शेपटी आनंदाने हलत होती.

धर्माने तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी बोट वर केलं. "राहू दे जरा. बघू किती वेळ धरतो."

लवूची पँट गुडघ्यावर फाटली. तो ओरडत नव्हता, मोकळ्या हाताने खडी पकडायला बघत होता.

"सोड," धर्मा म्हणाला.

सीझरने तत्क्षणी सोडलं. धापा टाकत तो धर्माकडे बघत उभा राहिला. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं होतं, आता त्याला त्याचं खेळणं परत हवं होतं. धर्माने मान फिरवली.

"फर्स्ट क्लास," साहेब म्हणाले. "परत एकदा."

लवू उठून उभा राहिलाच होता. त्याने बाही सारखी केली आणि पळायला लागला.

चार वेळा झालं. मग साहेबांनी मास्तरांशी हात मिळवला आणि ते गाडीकडे गेले. मास्तर त्यांना सोडायला गेले. धर्माने सीझरला खांबाला बांधलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि लवूच्या गुडघ्यातली खडी धुवायला खाली बसला. लवू वरून बघत होता.

"इथे माणूस रोज लागतो काय रे?" त्याने विचारलं.

"लागतो," धर्मा खाली मान घालून म्हणाला.

"मग मास्तरांना माझं नाव सांगून ठेव." लवूने पाय आखडून घेतला. "आज मी लवकर पडलो. उद्या नीट पळेन म्हणावं."